जाळीदार वाण

“जावईबापूंचा हात केवढा आहे, काका?” इक्बालने विचारलं.

लग्नात मी माझ्या हाताने मुलीचा हात त्याच्या हातात दिला होता. पण तो हात केवढा आहे, हे त्या धांदलीत कोण बघतो? मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी बरी आहे, बोलायला मऊ आहे, एवढं बघून आम्ही पोरगी दिली. पंजाचं माप घ्यायला हवं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“माउस काय चपलेसारखा मापाने घ्यायचा असतो?” मी विचारलं.

“ऑफिसच्या कामाला कुठलाही चालतो. गेमिंगला हात बघावा लागतो,” इक्बाल म्हणाला, आणि त्याने काउंटरवर एकेक करून माउस मांडायला सुरुवात केली.

इक्बाल मुल्लाचं हे कॉम्प्युटरचं दुकान सांगलीत आमच्या घराच्या मागच्याच रस्त्याला. त्याच जागी पूर्वी त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि मी वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांचे तराजू तपासायला जायचो. उभ्या नोकरीत एवढ्या काट्यांपुढे उभा राहिलो, पण कधी गोंधळलो नाही. त्या दिवशी मात्र एवढ्याशा माउसने माझं डोकं चक्रावून टाकलं. यंदा पुन्हा अधिक महिना आला, घरात अनारशांचं पीठ भिजलं, आणि ती सकाळ जशीच्या तशी आठवली.

गार्गी आमची एकुलती एक. माघात लग्न झालं आणि आखाडात ती माहेरी आली. पहिल्या वर्षी नव्या नवरीने आखाडात सासरी राहू नये अशी रीत आहे, पण हल्ली ती पाळतं कोण? गार्गी तर पुण्यात नोकरी करणारी, असल्या गोष्टींना हसणारी. तिनेच फोन करून “आखाडाला येते” म्हटलं तेव्हा शालन, माझी बायको, हरखून गेली. मी स्टँडवर आणायला गेलो. बॅग उचलली आणि माझ्या हाताला लगेच कळलं, की ही महिन्याभराची बॅग नाही. घरी आल्यावर शालन कपडे कपाटात लावायला बसली, तर त्यात लोकरीचा स्वेटर निघाला. आखाडाला आलेली मुलगी स्वेटर कशाला आणेल? शालनने तो माझ्यापुढे धरला आणि मग घडी करून सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवला.

त्यानंतर आमचा जीव टांगणीला लागला. गार्गी लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करायची, वेळेवर जेवायची, आईला भाजी निवडून द्यायची. अभिरामचा फोन आला की परसात जाऊन चार शब्द बोलायची आणि परत यायची. काय झालंय म्हणून विचारलं तर “काही नाही” यापलीकडे तिने ताकास तूर लागू दिली नाही.

माहिती दिली ती शालनच्या पुण्यातल्या मावसबहिणीने. वत्सलाला न विचारता माहिती द्यायची सवय आहे. लग्नानंतर अभिरामने नवा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आम्हाला जाता आलं नाही, पण ती गेली होती. म्हणाली, हॉलमध्ये एक भलंमोठं टेबल आहे, त्यावर दोन कॉम्प्युटर, दोन पडदे, दोन खुर्च्या, लाल-निळे दिवे. हे काय आहे म्हणून पाहुण्यांनी विचारलं, तर जावई म्हणाले, सगळं माझंच आहे, मला गेम खेळायचा नाद आहे. गार्गी शेजारी मान खाली घालून उभी होती. “आता समजा काय समजायचं ते,” वत्सला म्हणाली.

मी समजलो. मुलगा सोन्यासारखा, पण खेळापायी बायकोकडे बघत नाही. दुसरं काय असणार?

तेवढ्यात आखाड संपला आणि अधिक श्रावण लागला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, म्हणजे लेक-जावयाला पाटावर बसवून वाण द्यायलाच हवं. शालनने मनाचा हिय्या करून अभिरामला फोन लावला. तो ताबडतोब हो म्हणाला. आई, काका आणि काकूंनाही कराडहून घेऊन येतो म्हणाला. शालनला तेवढ्यानेच हुरूप आला. तिने कपडे घ्यायचे की चांदीची वाटी असं विचारलं, तर त्याने फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं.

“अप्पा, मला एक माउस हवा होता. कॉम्प्युटरचा. रोजच्या कामाला होईल आणि गेमिंगलाही होईल असा.”

“बरं,” मी म्हणालो.

“आणि तो वाणाच्या ताटातच द्या. सगळ्यांसमोर.”

फोन ठेवला आणि माझं टाळकं सरकलं. ज्या खेळापायी मुलगी माहेरी येऊन बसली, त्याचंच हत्यार हा सासऱ्याकडे मागतो, आणि तेही ताटात घालून. शालन म्हणाली, अधिकात जावई म्हणजे नारायण, तो मागेल ते द्यायचं असतं. मी म्हणालो, नारायण खेळत बसला म्हणून तर लक्ष्मी माहेरी आलीय. ते ऐकून तिचे डोळे भरले. मग मी पिशवी घेतली आणि निमूट निघालो. दारात तिने आणखी एक पुरवणी जोडली, की वाणात सगळं जाळीदार लागतं, तेव्हा त्यात जाळीचं काही मिळालं तर बघा. आधीच तिचा घाण्यातला पहिला अनारसा तुपात हसला होता, म्हणजे विरघळून सगळ्या कढईभर पसरला होता, आणि ते तिने मनाला लावून घेतलं होतं. म्हणून जाळीचा माउस कुठे मिळतो असं मी तिला विचारलं नाही.

तर असा मी इक्बालच्या काउंटरपुढे उभा होतो.

त्याने एकेकाचे गुण सांगायला सुरुवात केली. हा तारेचा, हा बिनतारी. याला अंगठ्याखाली दोन बटणं, याला पाच. हा आवाज करत नाही. याचे दिवे बंद करता येतात, त्याचे येत नाहीत. हा एवढा संवेदनशील, की हात किंचित हलला तरी पडद्यावरचा बाण या टोकाहून त्या टोकाला जातो. मग तो संवेदनशीलपणा कमी करायचं बटण दाखवलं. आधी वाढवायचा आणि मग कमी करायचा, तर वाढवला कशाला, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

मी आपली माझी पद्धत धरली. एकेक माउस तळहातावर घेऊन जोखला. जो हाताला भरीव लागला तो चांगला, असा माझा हिशोब. पण भाव विचारला तर सगळा उलटा मामला. भरीव तो स्वस्त, हलका तो महाग, आणि जो हातात आहे की नाही असं वाटत होतं तो सगळ्यांत महाग.

“कमी मालाला जास्त दाम?” मी म्हणालो. “तुझ्या वडिलांनी असं केलं असतं तर मी खटला भरला असता.”

इक्बाल हसला. त्याने आणखी एक खोकं उघडलं. त्या माउसच्या पोटात एक कप्पा होता आणि सोबत डबीत छोटी छोटी वजनं होती. ज्याला जड हवा त्याने वजनं घालायची, हलका हवा त्याने काढायची. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सवयीने मी एक वजन उलटं करून शिक्का शोधला. शिक्का नव्हता.

“पण खेळणाऱ्यांना नक्की काय लागतं?” मी विचारलं.

“ते ज्याच्या त्याच्या हातावर आहे, काका. म्हणून तर विचारतोय, हात केवढा आहे?”

पुन्हा तेच. मी घरी फोन लावला. शालन तळणीपुढे असणार, म्हणून गार्गीने उचलला. तिच्याशी अभिरामबद्दल बोलायचं मी टाळत होतो, पण आता इलाज नव्हता.

“गार्गी, अभिरामरावांचा हात केवढा आहे गं?”

“कशाला?”

“वाणाला त्यांनी माउस मागितलाय. इथे इक्बाल म्हणतो, हाताच्या मापाने घ्यावा लागतो.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि मागची तळणी ऐकू येईनाशी झाली.

“त्याच्याकडे आहे की माउस,” ती म्हणाली. “चांगला आहे. दिवाळीत घेतलेला.”

“मग हा कशाला?”

“मला काय माहीत. त्याने काय सांगितलं नक्की?”

“रोजच्या कामाला व्हावा आणि खेळायलाही. आणि वाणाच्या ताटातच द्या म्हणाले, सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर?” गार्गीने विचारलं. “सगळ्यांसमोर,” मी म्हणालो.

“तुमच्या हाताला बरा वाटेल तो घ्या, अप्पा,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आता या बोलण्यातून मी काय अर्थ काढावा? ज्याच्याकडे माउस आहे तो माउस मागतो. जिच्या नवऱ्याचं काम आहे ती म्हणते, तुमच्या हाताला बरा वाटेल तो घ्या. इक्बाल म्हणतो, हात बघा. खरं सांगायचं तर एक साधा, स्वस्तातला, ऑफिसचा माउस घ्यावा आणि जावयाचं खेळणं आपोआप बंद पडावं, असा डावही माझ्या मनात येऊन गेला. पण तो रागावून निघून गेला तर? पाटावर शेजारी बसलेली माझी मुलगी तिथेच राहील, आणि तिचा स्वेटर थंडीत माझ्याच घरी कपाटातून निघेल. ही भीती मला त्या काउंटरपुढे एवढी खरी वाटली, की तो स्वस्तातला माउस मी बाजूला सारला.

शेवटी मी गार्गी म्हणाली तेच केलं. उजवा पंजा एकेका माउसवर ठेवून बघितला. माझा पंजा रुंद, पण बोटं आखूड. बहुतेक माउस पुढे उरत होते. दोनच हाताखाली नीट बसले. एक तो वजनांचा, आणि दुसरा इक्बालने सगळ्यांत शेवटी काढलेला. हा दुसरा हातात घेतला आणि मी बघतच राहिलो. त्याच्या पाठीला सगळीकडे भोकं होती, मधाच्या पोळ्यासारखी, आरपार.

“हे काय? कुरतडलाय की काय कोणी?”

“हलका व्हावा म्हणून जाळी पाडलीय, काका. हा सगळ्यात महागातला.”

म्हणजे माल काढून घेतला आणि भोकांचे पैसे लावले. निरीक्षक म्हणून मी तो माउस जप्तच केला असता. पण सासरा म्हणून माझ्या कानात शालनचं वाक्य घुमत होतं. वाणात सगळं जाळीदार लागतं. एवढ्या गोंधळात तेवढी एकच गोष्ट मला स्वच्छ कळत होती. मी तो बांधून घेतला.

वाणासाठी ठरवलेल्या रविवारी कराडहून मंडळी आली. अभिराम वाळला होता. त्याने गार्गीकडे बघितलं, तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि दोघांत तेवढंच झालं. विहीणबाई अबोल वाटल्या. आखाड होऊन गेला, अधिक अर्धा सरला आणि सून अजून माहेरी, याबद्दल त्यांनाही काही तरी विचारायचं असणार, पण मूग गिळून बसायचं काम आम्ही सगळेच करत होतो. काका-काकू तेवढे हवापाण्याचं बोलत राहिले.

पाट मांडले, रांगोळी काढली. गार्गी शेजारी बसली, पण मध्ये हातभर अंतर ठेवून. शालनने दोघांना ओवाळलं. मी ताट पुढे केलं. वर भरजरी रुमाल, आत तेहेतीस अनारसे गोल रचलेले, कडेला तुपाचा दिवा आणि बरोबर मधोमध माउस. शालनने रुमाल काढला.

काकू पुढे वाकल्या. “हा काळा अनारसा कसला?”

“माउस आहे,” मी म्हणालो. “जावईबापूंनी मागितला होता.”

विहीणबाईंचा चेहरा पडला. आपल्या मुलाने वाणात खेळणं मागावं, हे त्यांना लागलं असावं. अभिरामने माउस उचलला, पाटाच्या कडेला ठेवला आणि तळहाताखाली घेतला. मी त्याचा हात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. लांबसडक बोटांचा, मोठा पंजा. त्याची बोटं माउसच्या पुढे पार पाटावर टेकली. जन्मभर लोकांची मापं तपासली आणि जावयाचं माप चुकलो.

“लहान झाला वाटतं,” मी कसंबसं म्हणालो. “बदलून आणतो. इक्बाल ओळखीचा आहे.”

“माप बरोबर आहे, अप्पा,” अभिराम म्हणाला. “हा माझ्यासाठी नाहीच.”

त्याने माउस गार्गीपुढे धरला. ती त्याच्याकडे न बघता दिव्याकडे बघत बसली होती.

“आई, हा गार्गीचा,” तो म्हणाला. “ती खेळते. लग्नाआधीपासून खेळते, माझ्यापेक्षा चांगली खेळते. संध्याकाळी काम संपलं की आम्ही दोघं मिळून खेळायचो. वास्तुशांतीला तुम्ही सगळे आलात तेव्हा मी तिचं अर्धं टेबलही माझंच म्हणून सांगितलं. घाईघाईत तिचा माउस कपाटात कोंबला, त्याचं चाक तुटलं. नवी सून गेम खेळते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, याची मला लाज वाटली.”

काकांनी घसा साफ केला.

“मग तूच नवा आणून द्यायचास की,” काकू म्हणाल्या.

“मी आणला असता तर ते आमच्या दोघांतच राहिलं असतं. सगळ्यांसमोर लपवलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर द्यायचा होता.”

माझ्या डोक्यात इतके दिवस गुंता झालेला दोरा एका टोकाने सुटला आणि दुसऱ्या टोकाला नवीच गाठ बसली. माझी मुलगी खेळते? काय खेळते? कधीपासून? एकुलती एक मुलगी, या घरात वाढली, आणि मी तिच्या नवऱ्याच्या खेळण्यावर चडफडत बसलो होतो. ती लॅपटॉपपुढे बसली की मी अभ्यासच समजत आलो.

विहीणबाई लेकाकडे बघत होत्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यातलं दुखणं सगळ्यांना कळलं.

“मी काय खाणार होते का रे हिला?” त्या म्हणाल्या. “मला कोणी सांगितलं तर पाहिजे. महिनाभर मी समजतेय, माझंच काही चुकलं म्हणून सून गेली.”

ते ऐकून गार्गीने मान वर केली. इतका वेळ दाबून धरलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून आलं. ती सासूबाईंना म्हणाली, “तुमचं काही नव्हतं, आई.” मग अभिरामकडे वळली.

“हे त्या दिवशीच का नाही बोललास?”

“धीर झाला नाही.”

“मला सगळ्यांनी नावं ठेवली असती तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “पण तू मला लपवलंस.”

अभिरामने मान हलवली. त्याने आणखी सबबी सांगितल्या नाहीत, हे मला आवडलं. माउस त्याच्या हातात तसाच होता. गार्गीने तो लगेच घेतला नाही. आम्ही सगळे त्या पसरलेल्या हाताकडे बघत होतो आणि शालनने माझं मनगट घट्ट धरलं होतं. दिव्यातलं तूप तडतडलं. मग गार्गीने माउस घेतला, पाटावर ठेवला आणि त्यावर आपला पंजा ठेवला.

रुंद पंजा, आखूड बोटं. लग्नात बांगड्या भरताना कासार म्हणाला होता, हात थेट वडिलांवर गेलाय. माउस तिच्या हाताखाली असा बसला, की जणू मी तिला बरोबर घेऊनच तो निवडला होता. तिने बोटं दोन्ही बटणांवर टेकवून बघितली, चाक फिरवलं आणि नाक पुसत माझ्याकडे पाहिलं.

“अप्पा, पण जाळीचाच का घेतलात?”

“वाणाला जाळी लागते ना,” मी म्हणालो.

आधी तिला हसू आलं, मग अभिरामला. तो म्हणाला, लोक हे हलक्या वजनासाठी घेतात. मी म्हणालो, ते इक्बालने सांगितलं, पण पटलं नाही. आखाडापासून माझ्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. मध्ये ठेवलेलं हातभर अंतर हसता हसता कधी मिटलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

जेवणं झाल्यावर विहीणबाई स्वतःच म्हणाल्या, काय खेळता ते दाखवा तरी मला. लेक-जावई आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप लावून बसले. पडद्यावर डोंगर होते, धूर होता, कोणी तरी पळत होतं. ते दोघं भरभर बोलत होते, तिकडून ये, मागे बघ, थांब, मी आहे. यांतला शत्रू कोण आणि आपला कोण, हे मला कळलं नाही. विहीणबाईंनाही कळलं नसावं. तरी त्या गार्गीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी त्यांच्याबरोबर निघाली. मी बॅग गाडीत ठेवली. येताना होती तेवढीच जड होती. गाडी कोपऱ्यावरून वळली तसा मी घरात आलो, तर शालन दिसेना. ती आतल्या खोलीत गार्गीच्या कपाटापुढे उभी होती. दार सताड उघडं, कप्पे रिकामे. ती एकेका कप्प्यावरून हात फिरवत होती.

“स्वेटर पण नेला,” ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.